क्रूसाला फुटलेली पालवी

उपवासकाळ लागला की आमच्या मंडळीला जंगलात देव दिसू लागे. एरवी वर्षभर त्याच जंगलात आम्हाला अस्वल, रानडुक्कर आणि फॉरेस्टगार्ड यांच्याखेरीज कोणी भेटत नसे. पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत पान हललं तरी वचन आणि पाखरू ओरडलं तरी वचन. आलापल्लीच्या पुढे, सिरोंचाच्या रस्त्यावर आमचं गाव. एसटी दिवसातून एकदा यायची आणि आल्याचा पश्चात्ताप करत परत जायची. तिथे आम्ही वीस-बावीस ख्रिस्ती घरं. जिल्हा नुकताच चांद्यापासून तुटला होता; आम्हाला ते सहा महिन्यांनी कळलं, आणि अस्वलांना अजून कळलेलं नाही.

खुणांची ही टूम पाळकसाहेबांची. ते नगरकडचे. इतके सडपातळ की वावटळ उठली की त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, त्यांना दाराच्या कडीला बांधून ठेवतात, असं मी गावभर सांगितलं होतं, आणि दोन घरांनी ते मानलंही होतं. त्यांनी आल्याच्या दुसऱ्या वर्षी नेम घातला: उपवासकाळातल्या दर रविवारी प्रत्येक घराने जंगलातून एक वस्तू आणायची, वेदीसमोरच्या टेबलावर ठेवायची आणि तिच्यात देवाचं कुठलं वचन दिसलं ते उभं राहून सांगायचं.

आता खोटं बोलायला अशी राजमान्य जागा मिळाल्यावर माझ्यासारख्याने काय करावं? मी मंडळीचा सुतार. बाकं, खिडक्या, शवपेट्या माझ्या हातच्या. पण नाव होतं ते थापांचं. पहिल्याच रविवारी मी वणव्यात जळालेल्या माळावरून टिटवीचं एक अंडं नेलं आणि सांगितलं की आग त्या अंड्यापाशी आली, दोन्ही बाजूंनी दुभंगली आणि तांबड्या समुद्रासारखी बाजूने निघून गेली. मी स्वतः मधून चालत गेलो, पायाला चटकासुद्धा नाही. दुसऱ्या रविवारी एक वाळकं मोहोळ. त्यात माश्या, प्रलयाच्या वेळी तारवात प्राणी शिरले तशा, जोडीजोडीने शिरताना पाहिल्याचं मी सांगितलं, आणि सगळ्यात शेवटी एक म्हातारी माशी दार लावून घेत होती. पाळकसाहेब हे सगळं वहीत उतरवून घेत. डोळे भरून येत त्यांचे. त्यांच्या बाई बायकांच्या बाजूला पहिल्या सतरंजीवर बसत, मान खाली घालून, आणि त्यांचे खांदे हलत. त्या रडत नसत. त्या हसत. गावात मला ओळखणारं ते एकच माणूस होतं म्हणा ना.

त्या बाईंचं सांगतो, कारण सगळं त्यांच्याभोवतीच घडलं. आदल्या वर्षी त्यांना सातव्या महिन्यात हिवताप चढला आणि पोटातलं गेलं. ती पेटी मीच केली होती. हातभर फळी लागली. आता पुन्हा दिवस गेले होते, पाचवा सरत आला होता. नगरहून आईची पत्रांवर पत्रं येत: बाळंतपणाला इकडे ये, त्या रानात राहू नकोस. तालुक्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की जायचं तर सातवा भरायच्या आत जा, पुढे एसटीचे धक्के सोसायचे नाहीत. बाईंना जायचं होतं. साहेबांना कळत नव्हतं. जाणं म्हणजे देवाने नेमलेल्या जागेवरून पळणं की काय, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आणि मग त्यांनी ते केलं, जे शहाण्या माणसाने आमच्यासारख्यांसमोर कधी करू नये. तिसऱ्या रविवारी भर उपासनेत उभं राहून म्हणाले, "मी देवाकडे एक खूण मागितली आहे. ईस्टरपर्यंत त्याने ती दिली, तर आम्ही इथेच राहू, आणि त्याने वचन दिलं आहे असं समजू. नाही दिली, तर ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारच्या एसटीने, मी हिला माहेरी घेऊन जाईन."

बाईंची मान त्या दिवशीही खाली होती. खांदे हलत नव्हते.

आता गावाला साहेबांचा राग का होता, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही आम्हाला उगाच राक्षस समजाल. थोडे होतोच, पण उगाच नव्हे. उपवासकाळ आणि मोहफूल एकाच वेळी येतात. मोह पहाटे गळतो, आणि पहाटेच वेचावा लागतो. ऊन वर आलं की गुरं, हरणं, अस्वलं ताट मांडल्यासारखी येऊन बसतात. साहेबांनी हुकूम काढला की रविवारी मोह वेचायचा नाही, सहाला घंटा, सगळ्यांनी प्रार्थनेला. आम्ही आत गाणी म्हणायचो आणि बाहेर आमच्या झाडांखाली अस्वलं खायची. मंडळीतले सगळ्यात म्हातारे पंच एकदा उठून म्हणाले,

"साहेब, मोह बी देवाचाच हाय ना?"

"आहे. पण रविवार त्याहून जास्त देवाचा."

"मंग देवाले सांगा, रविवारी गाळू नको म्हणून. आमी तुमचं आयकून राह्यलो, तो काऊन नाई आयकत?"

हसू फुटलं सगळीकडे. साहेबांनी त्यांना त्या महिन्याच्या प्रभुभोजनातून, वेदीवरच्या भाकर-द्राक्षरसाच्या वाटणीतून, वगळलं. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला. त्या रविवारपासून गाव साहेबांसमोर नीट मान हलवत असे आणि पाठीमागे दात दाखवत असे.

आता क्रूस. दर उपवासकाळात मंडळीच्या अंगणात नवा क्रूस उभा करायचा, चाळीस दिवस ठेवायचा आणि ईस्टरच्या सकाळी फुलांनी मढवायचा, ही आमची जुनी रीत. तो करायचा मी. दर वर्षी मी वाळक्या सागवानाचा करायचो. त्या वर्षी नवा फॉरेस्टगार्ड आला होता, आणि तो इतका कडक की स्वतःच्या घरच्या चुलीत घातलेल्या काटकीलाही पास मागायचा. माझ्याकडे सागाची फळी नव्हती आणि आणायचा कंटाळा होता. मी माझ्या परसातल्या कुंपणातून मोईचा एक खांब उपटला, वर एका वाळक्या लाकडाचा आडवा हात ठोकला आणि अंगणात खड्डा करून गाडला. सालीसकट.

मोई ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कुंपणाला मोईच घालतात, कारण तो खांब मरत नाही. तोडा, वाळत टाका, महिन्याने मातीत रोवा. जरा ओल मिळाली की उन्हाळ्यात त्याला पालवी येते. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. नगरकडच्या माणसाला नसतं.

साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "भाऊ, साल का नाही काढली?"

"प्रभूचा क्रूस कोणी रंधा मारून केल्ता का साहेब?" मी म्हणालो.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

इथपर्यंत माझा आळस होता. पाप त्यांनी खूण मागितल्याच्या दिवशी सुरू झालं. त्या संध्याकाळी मी विहिरीवरून दोन बादल्या आणल्या आणि अंगण झाडायच्या निमित्ताने क्रूसाच्या बुडाशी ओतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पंच काठी टेकत आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"क्रूसाले पाणी घालून राह्यला का बे?"

"धूळ बसवून राह्यलो."

ते जवळ गेले. सालीवर नख मारलं. खालून हिरवं दिसलं. मग वळून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना प्रभुभोजन घरपोच आणून दिलं. हसले. इतके हसले की खोकला लागला, खोकल्यात खाली बसले, बसल्या जागी पुन्हा हसले. "मोई हाय," म्हणाले. "साहेबाच्या तोंडावर मोई फोडून राह्यला तू."

रात्रीपर्यंत गावाला कळलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी घालायला मला एकट्याला जावंच लागलं नाही. कोणी तांब्याभर, कोणी भांडी धुतलेलं. तुम्ही विचाराल, साहेबांना जाऊ दिलं असतं तर रविवारचा मोह मोकळा झाला असता, मग त्यांना अडकवून आमचा काय फायदा? फायदा काही नव्हता. मोह तोवर गळून संपत आला होता. राग तेवढा शिल्लक होता. आणि ज्याने आम्हाला दर आठवड्याला मूर्ख म्हटलं, तो आमच्या कुंपणाच्या खांबापुढे गुडघे टेकतो हे बघायला मिळणार होतं. यासाठी आम्ही गावचं तळंसुद्धा त्या खड्ड्यात उपसलं असतं.

झावळ्यांचा रविवार ईस्टरच्या आठवडाभर आधी येतो; त्याच्या आधीच्या बुधवारी कोंब फुटले. लालसर, ओले, पाडसाच्या जिभेसारखे. साहेब सकाळी दार उघडून बाहेर आले आणि तिथेच थांबले. आम्ही सात-आठ जण विहिरीवर होतो. कोणाच्याच घागरीत पाणी नव्हतं, कारण कोणी पाण्यासाठी आलंच नव्हतं. साहेब क्रूसापाशी गेले. बोट लावलं. मग हळूच खाली बसले, कपाळ खांबाला टेकवलं आणि रडले. मोठ्याने, लहान मूल रडतं तसे. आमच्यातल्या एकीने तोंडात पदराचा बोळा कोंबला. मी सांगतो, त्याआधी आणि त्यानंतर मी इतका हसलो नाही. पोटात कळा आल्या.

रविवारी त्यांनी जुन्या करारातल्या त्या काठीवर प्रवचन केलं, जी एका रात्रीत फुलली. दीड तास. पंच पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होते आणि दर वाक्याला "आमेन" म्हणत होते. इतकं सुंदर आमेन आमच्या मंडळीत कोणी म्हटलं नसेल.

सोमवारी दुपारी बाईंनी मला मागच्या दाराशी बोलावलं. दाराचा कोयंडा सैल झालाय म्हणाल्या. कोयंडा ठीक होता. आत खाटेवर पत्र्याची पेटी उघडी होती, त्यात लुगडी आणि दोन छोटी झबली घड्या करून ठेवलेली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही थापा मारता ते मला माहीत आहे. टिटवीच्या अंड्याला मी घरी येऊन किती हसले. मला तुमचा राग नाही. पण आज एक विचारते, त्याला थाप नको."

"विचारा बाई."

"ते लाकूड कशाचं आहे?"

मी बघितलं त्यांच्याकडे. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. त्यांना काय हवंय हे मला स्पष्ट कळत होतं. त्यांना मी "मोई" म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं. मग त्या नवऱ्याला सांगणार होत्या, आणि पुढच्या सोमवारच्या एसटीत बसणार होत्या.

आणि माझ्या पाठीमागे, दहा हातांवर, विहिरीवर पंच आणि आणखी चौघं उभे होते. सगळ्यांचे कान सशासारखे.

"सागवान," मी म्हणालो.

"वाळलेलं?"

"आठ वर्षं चुलीच्या वर माळ्यावर पडून होतं बाई. धूर खाऊन काळं ठिक्कर. ठोकलं तर भांड्यासारखं वाजायचं. माझ्या बापाने माझ्या लग्नाच्या खाटेसाठी ठेवलं होतं." बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. "त्याले पालवी फुटते म्हणजे बाई, उद्या तुमच्या या पेटीच्या पत्र्याले बी फुटंल."

मागे विहिरीवर कोणीतरी शिंकल्यासारखं केलं.

बाईंनी तो कोयंडा उगाच हलवून पाहिला. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलांची शपथ घ्याल?"

घेतली. तीन मुलं होती, तिघांची घेतली.

ईस्टर झाला. क्रूस फुलांनी मढवला, पण कोंब उघडे ठेवले. सोमवारची एसटी आली आणि गेली. बाईंनी पेटी रिकामी केल्याचं माझ्या बायकोने पाहिलं. ती त्यांच्याकडे धुणं करायची. मला सांगितलं आणि नंतर म्हणाली, "तुमी तरी बोलाचं होतं." मी म्हटलं, तू काऊन नाई बोलली? गावात सगळ्यांना तोंड होतं आणि सगळे बाकीच्यांच्या तोंडाची वाट पाहत होते.

मे महिन्यात, आठव्यात, बाईंना ताप आला. तोच, गेल्या वर्षीचा हिवताप. सकाळी थंडी, दुपारी अंग निखारा, आणि तिसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. सुईणीने हात लावला आणि बाहेर येऊन नुसती मान हलवली. एसटी गेलेली होती. बांबूचा ट्रक चांद्याकडे निघाला होता, तो आडवं पडून थांबवला. केबिनमध्ये ड्रायव्हर, सुईण, बाई, आणि बाईंचं डोकं मांडीवर घेऊन मी. साहेबांना जागा नव्हती म्हणून ते मागे बांबूंवर बसले. मला का आत घेतलं? बाईंनीच माझं मनगट धरलं होतं. सोडेचनात.

वाटेभर मागून साहेबांचा आवाज येत होता. "घाबरू नकोस. त्याने खूण दिली आहे. वचन दिलं आहे." ट्रक आदळायचा, आवाज तुटायचा, पुन्हा तेच.

आलापल्ली मागे पडली. सडकेच्या दोन्ही अंगांना गावांची कुंपणं, परसं, ढोरांचे वाडे. आणि दर कुंपणात खांब, दर खांबाला पालवी. एकेक, शंभर, पाचशे. मी कधी मोजली नव्हती ती मोई त्या दिवशी दोन्ही बाजूंनी रांगेत उभी होती, जणू त्यांना कोणी बोलावून आणलं होतं. बाई खिडकीकडे बघत होत्या. दोन कळांच्या मध्ये त्यांनी ड्रायव्हरला विचारलं,

"दादा, हे खांब कशाचे?"

"कोणते? कुंपणाचे? मोई हाय बाई." तो सरळमार्गी माणूस, सडकेवर नजर ठेवून सांगत होता. "उपटून लावा, तोडून लावा, फुटतेच ते. लोक मुद्दाम लावतात. तुमच्याकडं नाई का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे नाही."

माझं मनगट त्यांनी तेव्हाही सोडलं नाही. वर बघितलं माझ्याकडे. मी आयुष्यात कुठल्या जिवाच्या डोळ्यांत इतका वेळ बघितलेलं नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांनी मान हलवली. नाही.

अर्ध्या वाटेत मूल झालं. मुलगा. रडला नाही. सुईणीने पालथा करून थोपटला, तोंडात फुंकर मारली, मग पदरात गुंडाळला. ट्रक थांबवू नका, बाई तरी वाचू दे, असं ती म्हणाली. मागे साहेब वचनं म्हणत होते. त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

चांद्याला दवाखान्यात बाईंना बाटली लावली. डॉक्टर म्हणाले, वाचतील. पाच-सहा दिवसांनी त्यांना बसायला येऊ लागलं. मुलाला साहेबांनी पहिल्याच दिवशी तिथल्या कबरस्तानात नेऊन पुरलं. मी पेटी केली नाही, तिथे तयार मिळाली. साहेब परत आले तेव्हा त्यांच्या नखांत माती होती. बाईंच्या खाटेपाशी उभे राहिले, आणि पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात फट दिसली.

"भाऊ," म्हणाले, "तो क्रूस तुम्ही केलात. मला एकदा सांगा. ते लाकूड वाळलेलंच होतं ना?"

मी बाईंकडे पाहिलं. माझ्या मनात खरं होतं. देवाशप्पथ होतं. जिभेवर येऊन बसलं होतं. मला सांगून टाकायचं होतं, मार खायचा होता, मोकळं व्हायचं होतं. बाई उशीवरून माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या,

"सांगा ना भाऊ. मला सांगितलं होतंत तसंच सांगा."

"वाळलेलं होतं साहेब," मी म्हणालो. "सागवान."

"आणि माळ्यावरचं," बाई म्हणाल्या.

"माळ्यावरचं. आठ वर्षं."

साहेबांनी डोळे मिटले. चेहरा जरा सैल झाला. देवाचा मार्ग आपल्याला कळत नाही, पण वचन दिलं आहे एवढं खरं, असं काहीसं ते पुटपुटले आणि पाणी आणायला गेले. ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "त्यांना कधीच सांगायचं नाही. ते मरतील. आणि तुम्ही सुटाल."

ते गावात आणखी पाच वर्षं राहिले. मूल पुन्हा झालं नाही. रविवारी मोह वेचायची बंदी साहेबांनी स्वतःच उठवली. गावातलं एकही माणूस रविवारी मोहाखाली गेलं नाही. दर उपवासकाळात, खुणांच्या पहिल्या रविवारी, साहेब मला उभं करत. त्या वर्षीची खूण सांगा, भाऊ. आणि मी सांगायचो, धुराचं, माळ्याचं, बापाच्या खाटेचं. सुरुवातीला पंच मान खाली घालत. पुढे ते येईनासेच झाले. मी आखूड सांगू लागलो की बाई पहिल्या सतरंजीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणत, "भाऊ, ते भांड्यासारखं वाजायचं, ते राहिलं." मग मी तेही सांगायचो.

चौथ्या वर्षी मला ते जमेना. अंगात ताप आहे म्हणून मी घरी खाटेवर पडून राहिलो, वर गोधडी ओढून. सहाची घंटा झाली. गाणं सुरू झालं, थांबलं. थोड्या वेळाने अंगणात पावलं वाजली. बायकोने दार उघडलं. बाई आत आल्या, माझ्या कपाळावर हात ठेवून बघितला. हात थंड होता, माझं कपाळही.

"ताप नाही," त्या म्हणाल्या. "चला. मंडळी थांबली आहे."